दुसऱ्याच राउंडला दम संपायचा त्याचं काय केलं

किकबॉक्सिंग सुरू केलं तेव्हा मला सगळ्यात जास्त त्रास मार लागण्याचा किंवा टेक्निकचा नाही झाला, त्रास झाला तो दम लागण्याचा, आणि तो पण क्लासच्या शेवटी नाही तर अगदी सुरुवातीला. पॅडचा (समोरच्याने हातात धरलेल्या गादीवर मारायचा) पहिला राउंड कसाबसा निघायचा आणि दुसऱ्याच्या मध्यावर हात खाली यायला लागायचे, छाती भरून यायची, पाय उचलवायचे नाहीत आणि डोक्यात एकच, टायमर कधी वाजतोय. हे सविस्तर लिहितेय कारण माझ्यानंतर आलेले बरेच जण ह्याच टप्प्यावर क्लास सोडून जाताना मी बघितलेत आणि दर वेळी वाईट वाटतं, जाताना सगळे हेच म्हणतात की आपला स्टॅमिनाच नाही, आणि त्यातल्या निम्म्यांचा तरी प्रॉब्लेम स्टॅमिनाचा नव्हताच असं मला आता ठामपणे वाटतं.

माझंच बघा ना, मी त्याआधी जॉगिंग करायचे, अर्धा तास सलग पळाले तरी विशेष काही व्हायचं नाही. मग तीन मिनिटांच्या राउंडमध्ये असं काय होतं की मी पार गळून जाते? हे सरांना विचारलं तर त्यांनी उत्तर दिलंच नाही, उलट मलाच विचारलं, "आधी काय थकतं तुझं? श्वास, हात, पाय की मन?" मला सांगताच येईना. मग म्हणाले, दर क्लासनंतर दोन ओळी लिहून ठेव, कशात दमलीस, कितव्या राउंडला आणि सगळ्यात आधी काय गेलं. एवढंच. मला तेव्हा वाटलं होतं की ते सरळ सांगतील रोज इतके बर्पी मार, इतकं पळ, म्हणजे मी कामाला लागते. पण लिहायला लागले.

काही आठवडे लिहिल्यावर जे दिसलं ते मला अजिबात अपेक्षित नव्हतं. शॅडोमध्ये, म्हणजे समोर कोणी नसताना हवेत पंच-किक मारताना, मी दमत नव्हते. टांगलेल्या बॅगवर थोडी दमायचे. सरांनी पॅड धरले की बऱ्यापैकी. आणि स्पारिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराबरोबर सरावाची लढत खेळताना, पूर्ण संपायचे, खरं तर स्पारिंगमध्ये मी सगळ्यात कमी पंच मारायचे, निम्मा वेळ तर नुसती गोल गोल फिरत असायचे. म्हणजे जिथे काम सगळ्यात कमी तिथे दमणूक सगळ्यात जास्त. प्रश्न फक्त हृदय आणि फुप्फुसांचा असता तर हे उलटं दिसायला हवं होतं. तुमचं पण असं लवकर दमणं होत असेल तर आधी हे बघा, की कुठल्या प्रकारात दमताय, कारण त्यावरून पुढचं सगळं ठरतं.

पहिलं सापडलं ते श्वासाचं. सरांनी एक राउंड नुसतं बाजूला उभं राहून ऐकलं आणि म्हणाले, तुझा आवाजच येत नाहीये. कॉम्बिनेशन सुरू झालं की मी श्वास धरून ठेवत होते, चार-पाच पंच आणि वर एक किक सगळं एका श्वासात, मग एकदम आ वासून मोठा श्वास, आणि परत कोंडून घ्यायचा. हे नवीन माणसांचं फार कॉमन आहे, कारण जोर लावताना पोट आवळून श्वास कोंडणं हे शरीर आपोआपच करतं, जड वजन उचलताना त्याचा उपयोग पण होतो, कण्याला आधार मिळतो. पण तीन मिनिटं सतत हलायचं असेल तेव्हा तेच नडतं. आणि एक गोष्ट मला तेव्हाच कळली, ती जी घुसमट होते ना, ती बहुतेक वेळा ऑक्सिजन कमी पडल्याने होत नाही, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू श्वासाची घाई करायला लावतो. म्हणजे आपण धापा टाकत हवा आत ओढत बसतो आणि खरं काम असतं ते आतली बाहेर सोडायचं.

मग शिकवलं ते असं, की प्रत्येक पंचला दातांमधून छोटा फटकन श्वास सोडायचा, किकला थोडा मोठा. सगळी हवा बाहेर नाही टाकायची, थोडीशीच, म्हणजे चार पंचच्या कॉम्बिनेशनला चार छोटे उच्छ्वास. आत घ्यायचा विचारच करायचा नाही, तो आपोआप येतो. कराटेमध्ये मारताना ओरडतात तो किआई काय किंवा बॉक्सर लोक पंच मारताना नाकातोंडातून आवाज काढतात ते काय, ह्यामागे श्वास न कोंडणं हे एक मोठं कारण आहे, शिवाय त्या क्षणी पोट आवळलं जातं त्यामुळे मार बसला तरी झेलता येतो. मला बरेच दिवस आवाज काढायची लाज वाटायची, आजूबाजूला सगळे शांत आणि आपणच फुसफुसतोय असं. पण नीट ऐकलं तर सगळे सिनियर हेच करत होते, मलाच आधी ऐकू येत नव्हतं.

हे मी आधी फक्त स्लो शॅडोमध्ये केलं, मग बॅगवर, मग पॅडवर, आणि स्पारिंगमध्ये यायला सगळ्यात जास्त वेळ लागला कारण समोरून पंच आला की पहिली गोष्ट होते ती म्हणजे श्वास अडकतो. त्यासाठी सरांनी एक ड्रिल दिलं होतं ते मला फार आवडतं, समोरचा हळू हळू जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) मारणार आणि तुम्ही फक्त ब्लॉक करताना श्वास सोडायचा, परत मारायचंच नाही. ऐकायला एकदम सोपं वाटतं, पण पहिल्या दिवशी अर्ध्या जॅबला मी विसरत होते.

राउंडच्या मधल्या एका मिनिटाचं पण शिकावं लागलं. टायमर वाजला की आधी मी धपकन बसायचे आणि घटाघट पाणी प्यायचे. आता बसत नाही, हळू चालते, नाकाने श्वास आत आणि सोडताना लांब, आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ बाहेर, असे पाच-सहा श्वास झाले की मग पाण्याचा एक-दोन घोट. वाकू नका, सरळ उभे रहा असं बरेच जण ओरडतात, पण मला गुडघ्यांवर हात टेकून थोडं वाकलं की श्वास लवकर सावरतो, तेव्हा मी वाकते.

दुसरी गोष्ट निघाली ती ताठपणाची, आणि माझ्या बाबतीत लवकर दमण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच होतं. गार्ड (चेहरा वाचवायला धरलेले हात) वर म्हणजे मी खांदे पण कानापर्यंत वर घ्यायचे, मुठी पूर्ण वेळ घट्ट, दात आवळलेले, पोटऱ्या ताठ. स्नायू सतत आवळून ठेवला की त्याच्यातलं रक्त नीट फिरत नाही, पाण्याच्या पाईपवर पाय दिला तर पुढे जसं जेमतेम थेंब थेंब येतं तसं होतं, त्यामुळे ऑक्सिजन पोचत नाही आणि एकही पंच न मारता हात भरून येतात. शिवाय पंच मारताना ट्रायसेप्सने हात सरळ व्हायला हवा तर त्याच वेळी बायसेप्स पण आवळलेला असतो, म्हणजे एक स्नायू पुढे ढकलतोय आणि दुसरा मागे ओढतोय. पंच पण हळू जातो आणि ताकद पण दुप्पट लागते. जे लोक हलके दिसतात, आरामात मारल्यासारखे मारतात, ते काही कमी मेहनत घेत नसतात, ते फक्त नको तिथे मेहनत घेत नसतात.

ह्याच्यावर काम करायला मी बॅगवर असे राउंड करायला लागले ज्यात जोर लावायचाच नाही. मूठ सैल, बॅगला लागायच्या क्षणी घट्ट, लगेच परत सैल. दर तीस सेकंदाला टायमर बीप करायचा तेव्हा एकदा स्वतःला तपासायचं, खांदे कुठे आहेत, जबडा आवळलाय का, पायाची बोटं आत वळलीयेत का. हो, पायाची बोटं! माझी कायम वळलेली असायची आणि पोटऱ्या का पेटतात ते मला कळत नव्हतं.

स्पारिंगमधला ताठपणा वेगळा असतो, तो भीतीतून येतो. घाबरलं की अ‍ॅड्रेनालिन वाढतं, हृदय आधीच पळायला लागतं. मी घड्याळात बघितलंय, ग्लोव्ह्ज घालून नुसती उभी असताना माझे ठोके आरामात बसल्यापेक्षा कितीतरी वर असायचे, म्हणजे राउंड सुरू व्हायच्या आधीच. आणि हे पळून किंवा दोरीवरच्या उड्या मारून जात नाही. हे जातं फक्त स्पारिंग करून, पण हळू स्पारिंग करून. आमच्याकडे एक सिनियर ताई आहेत, त्यांना मी विनंती केली की माझ्याशी एकदम हलकं खेळा, तीस टक्के जोर, आणि त्या खरंच खेळल्या, कधी फक्त जॅबचा राउंड, कधी फक्त पायाचा, कधी मी फक्त डिफेन्स करायचा. त्या मध्येच बोलायच्या पण माझ्याशी, "श्वास सोड गं, खांदे खाली घे." तीन मिनिटं त्यांच्यासमोर उभं राहून जेव्हा मला पहिल्यांदा दम लागला नाही तेव्हा माझा स्वतःवर विश्वास बसला, आणि गंमत म्हणजे तोपर्यंत माझ्या फिटनेसमध्ये काहीही फरक पडलेला नव्हता. मी नवीन लोकांना आवर्जून सांगते, पहिल्याच महिन्यात जोराचं स्पारिंग करायला कोणी लावत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. त्यातून स्टॅमिना तयार होत नाही, ताठपणा पक्का होतो.

आता सुरुवातीलाच का दम लागतो ह्याबद्दल. स्नायूत तयार असलेली एनर्जी, म्हणजे एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट, ही पूर्ण जोर लावला तर साधारण १० सेकंद पुरते. त्यानंतर साखर ऑक्सिजनशिवाय मोडून काम चालतं, ते जोरात चालतं पण दीड-दोन मिनिटांत स्नायू जळजळायला लागतात. आणि जी यंत्रणा खरी लांब चालते, ऑक्सिजनवाली, तिला थंड शरीरातून पूर्ण वेग पकडायला दोन-तीन मिनिटं लागतात. म्हणजे पहिली दोन-तीन मिनिटं आपण उधारीवर चालतो, आणि नेमकं त्याच वेळी आपण ताज्या असतो म्हणून सगळ्यात जोरात मारतो. दुसऱ्या राउंडला जे होतं ते ह्या उधारीचं होतं. थोडं दमून मग पुढे एकदम बरं वाटायला लागतं असा अनुभव खूप जणांना येतो, त्याच्यामागे पण बरंचसं हेच.

त्यामुळे मी वॉर्मअप बदलला. क्लासचा वॉर्मअप होताच, पण मी पंधरा मिनिटं आधी यायला लागले. आधी दोरी हळूहळू, सांधे मोकळे करणं, मग शॅडो, पहिला निवांत आणि दुसरा जरा वेगात, मग दहा-पंधरा सेकंदांचे दोन-तीन जोराचे झटके, इतपत की श्वास वाढलाच पाहिजे, आणि मग तीन-चार मिनिटं एकदम हलकं. ते झटके महत्त्वाचे आहेत, नुसतं हात-पाय फिरवून ती ऑक्सिजनवाली गाडी चालू होत नाही. आधी मला भीती वाटायची की वॉर्मअपमध्येच दमले तर क्लासमध्ये काय उरणार, पण उलट झालं, पहिला राउंड दुसऱ्यासारखा वाटायला लागला आणि दुसरा सोपा.

आणि जोर किती लावायचा हे पण ठरवायला लागले. शून्य ते दहा असा अंदाज धरायचा, शून्य म्हणजे आराम आणि दहा म्हणजे ह्यापुढे शक्यच नाही. पहिला राउंड सहाच्या वर जाऊ द्यायचा नाही, दुसरा सात, शेवटच्याला काय असेल ते. पहिल्या राउंडला हात शिवशिवत असतात, थांबवणं अवघड जातं, पण तो संयमच शेवटच्या राउंडला कामी येतो.

इथपर्यंत आलं की दम संपण्याचा निम्मा प्रश्न सुटला होता, खरंच, काहीही जास्त व्यायाम न करता. उरलेला निम्मा मात्र कष्टाचा होता आणि त्याला वेळ लागला, महिने लागले.

तो म्हणजे बेस, हळू आणि लांब व्यायामाने तयार होणारा दमाचा पाया. सरांनी सांगितलं आठवड्यातून दोन-तीनदा पाऊण तास हळू पळ, सायकल चालव, पोह, काहीही, पण इतकं हळू की पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. ठोक्यांच्या भाषेत जास्तीत जास्त ठोक्यांच्या ६० ते ७० टक्के. जास्तीत जास्त ठोके म्हणजे २२० वजा वय असा ढोबळ हिशोब असतो, पस्तिशीच्या माणसाला १८५, म्हणजे १११ ते १३० च्या आसपास. पण हा हिशोब खरंच ढोबळ आहे, माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, त्यामुळे घड्याळापेक्षा बोलता येतंय का ह्यावर जास्त विसंबा. मी आधी जे जॉगिंग करायचे ना, ते ह्याच्यापेक्षा जोरात होतं, म्हणजे बेससाठी जास्त वेगवान आणि राउंडच्या तयारीसाठी फार हळू, मधल्यामध्ये. खरंच हळू पळायचं म्हटल्यावर चढावर तर चालावंच लागायचं, आणि लोक मागून पुढे निघून जायचे. ह्याचा इगोला त्रास होतो पण होऊ द्यायचा.

ह्या हळू पळण्याचा फायटिंगशी काय संबंध असं मला पण वाटलं होतं. संबंध असा, की फाईट म्हणजे सलग जोर नसतोच, पाच-सात सेकंदांचा स्फोट, मग थोडं फिरणं, परत स्फोट. त्या स्फोटाला लागणारं क्रिएटिन फॉस्फेट मधल्या वेळात परत भरतं आणि ते भरायचं काम ऑक्सिजनवाली यंत्रणा करते. ती जितकी चांगली तितकं लवकर भरतं, आणि तुम्ही पुढच्या कॉम्बिनेशनला तयार. म्हणजे हळू पळण्याने पंच जोरात होत नाही, पण दहावा पंच पहिल्यासारखा राहतो. शरीरात काय बदलतं तर रक्तातला प्लाझ्मा वाढतो, हा सगळ्यात लवकर, पहिल्या एक-दोन आठवड्यातच, मग हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं, स्नायूंमधले मायटोकॉन्ड्रिया (पेशीतले ऊर्जा तयार करणारे भाग) आणि बारीक रक्तवाहिन्या वाढतात, आणि ह्याला मात्र कित्येक आठवडे ते महिने लागतात. घाई करून उपयोग नाही.

बेस थोडा जमल्यावरच इंटरव्हल सुरू केले, आणि ते आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त दोनदा. सुरुवातीला बॅगवर ३० सेकंद जोरात ३० सेकंद हलकं, असा तीन मिनिटांचा राउंड. नंतर ४ मिनिटं जोरात आणि ३ मिनिटं हलकं असे चार वेळा, ह्यात जोराच्या चार मिनिटात ठोके जास्तीत जास्तच्या ९० टक्क्यांच्या वर जायला हवेत, हे पळून किंवा सायकलवर केलेलं बरं कारण बॅगवर एवढा वेळ त्या जोरात टेक्निक टिकत नाही. ताबाता ताबाता खूप ऐकते मी, व्यायामाच्या प्रत्येक ग्रुपमध्ये, तर त्याबद्दल एक सांगावंसं वाटतं. जपानच्या इझुमी ताबाता आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास १९९६ चा, २० सेकंद काम १० सेकंद विश्रांती, सायकलवर, आणि जोर एवढा की सात-आठ सेटमध्ये माणूस संपलाच पाहिजे. लोक त्या वेळेत आरामात जंपिंग जॅक करून त्याला ताबाता म्हणतात, त्याने तोटा काही नाही पण तो तो व्यायाम नाही. आणि खरा ताबाता नवीन माणसाने करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्या थकव्यात फॉर्म मोडतो आणि मनगट, खांदा जातो.

तुमच्या प्रकाराच्या घड्याळाप्रमाणे तयारी करा हे पण महत्त्वाचं. बॉक्सिंगमध्ये साधारण ३ मिनिटांचा राउंड आणि १ मिनिट विश्रांती, मुय थाईमध्ये ३ मिनिटांचे ५ राउंड पण मध्ये २ मिनिटं, तायक्वांदोमध्ये २ मिनिटांचे राउंड, ज्युडोची मॅच ४ मिनिटांची आणि बरोबरी झाली तर गोल्डन स्कोअर नावाचा जादा वेळ, त्याला वेळेची मर्यादाच नाही, ब्राझिलियन जिउजित्सूत अ‍ॅडल्ट ब्लॅक बेल्टची मॅच १० मिनिटं सलग. ग्रॅपलिंगवाल्यांची (ज्युडो, जिउजित्सूसारखं पकडून खेळणाऱ्यांची) दमणूक पण वेगळी, तिथे पकड धरून धरून आधी मनगटाच्या वरचा हात दगड होतो, श्वास नंतर जातो.

पायांचं थोडक्यात सांगते. किकमध्ये लवकर थकायचे ते मांडी वर उचलणारे कमरेच्या पुढचे स्नायू, आणि ज्या पायावर उभं राहतो त्याचा घोटा आणि कुल्ला. ह्याला पळणं पुरत नाही. स्क्वॉट, लंज, एका पायावर उभं राहून दुसरा गुडघा वर धरून ठेवणं, हळू किक, म्हणजे उचलून दोन-तीन सेकंद धरायची मग सोडायची. आठवड्यात दोनदा केलं. ताकद वाढली की प्रत्येक किक तुमच्या कमाल ताकदीच्या कमी टक्क्यांत होते, म्हणून जास्त किक होतात, इतकं सोपं आहे हे. आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टिक अ‍ॅसिड साठल्याने हे अजूनही सगळे सांगतात, ते तसं नाही, लॅक्टेट तासाभरात बहुतेक निघून जातं, उलट शरीर त्याचं इंधन म्हणून वापर करतं. एक-दोन दिवसांनी जे दुखतं ते स्नायूंच्या बारीक इजेमुळे.

मध्ये एक टप्पा असा आला की सगळं नीट करूनही मी परत लवकर दमायला लागले. जिना चढताना पण. श्वास बरोबर, खांदे सैल, झोप ठीकठाक, तरी पाय जड. मी जोर वाढवायच्या विचारात होते पण ताईंनी हटकलं, म्हणाल्या आधी रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन १२ च्या जरासं वर होतं म्हणजे कागदावर नॉर्मल, पण डॉक्टरांनी फेरिटिन करायला सांगितलं आणि ते बरंच कमी आलं, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला. त्यांनी गोळ्या दिल्या, साठा भरायला काही महिने लागले, आणि फरक हळूहळू पण स्वच्छ जाणवला. बायकांनी हे विशेष लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं, पाळीमध्ये लोह जातं, वरून एवढी मेहनत, आणि दोष मात्र आपण आपल्या जिद्दीला देत बसतो. पण तपासल्याशिवाय स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या घेऊ नका, जास्त झालेलं लोह पण घातक असतं. आणि व्यायाम करताना छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, ठोके वेडेवाकडे पडणं, किंवा व्यायामानंतर खोकला आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येणं, हे असेल तर त्याला स्टॅमिना म्हणू नका, क्लास थांबवा आणि डॉक्टरकडे जा. शेवटचं लक्षण बऱ्याचदा व्यायामाने उठणाऱ्या दम्याचं असतं, त्याच्यावर चांगले उपचार आहेत, आणि माणसं उगाच वर्षानुवर्षं सहन करत राहतात.

खाण्यापिण्यात मी फार प्रयोग केले नाहीत. पोटभर जेवण क्लासच्या आधी तीनएक तास, आणि अर्धा-एक तास आधी भूक असेल तर पटकन पचणारं थोडंसं. उपाशीपोटी जोराचा क्लास मला झेपत नाही, काहींना झेपतो. पाणी दिवसभर, ऐन वेळी लिटरभर ढोसून नाही. वजनाच्या २ टक्के पाणी घामातून गेलं तरी दम कमी पडायला लागतो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सव्वा लिटरच्या आसपास, आणि बंद हॉलमध्ये दीड तासाच्या क्लासला तेवढं जाऊ शकतं. क्लासच्या आधी आणि नंतर वजन करून बघा एकदा, कळतं.

झोप आणि विश्रांतीबद्दल मी आता हट्टी झालेय. तीन आठवडे वाढवायचं, चौथा हलका, राउंड कमी आणि जोर कमी. सकाळी अंथरुणातच नाडी बघते, नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त असली आणि सलग दोन-तीन दिवस तशीच राहिली तर त्या दिवशी फक्त टेक्निक. क्लासमध्ये रोज मरेपर्यंत करणाऱ्यांचं कौतुक होतं हे मला खटकतं, कारण शरीर सुधारतं ते विश्रांतीत, आणि जे लोक वर्षं टिकलेत ते जवळजवळ सगळे हे पाळणारेच आहेत.

फरक कसा मोजला तर राउंड संपल्यावर एका मिनिटात ठोके किती खाली येतात ते बघून. आधी मिनिटभराने पण घड्याळ फारसं हललेलं नसायचं, आता स्वच्छ पंचवीस-तीसने उतरतात. पण खरा फरक मोजण्यातला नाही, दिसण्यातला आहे. दमलेलं असताना मला समोरच्याचे फक्त ग्लोव्ह्ज दिसायचे, नजर अरुंद होऊन जायची. आता तिसऱ्या राउंडला पण समोरच्याचा खांदा हलताना दिसतो, कंबर वळायच्या आधी वजन मागच्या पायावर जातं ते दिसतं, आणि मग किक यायच्या आधी मी तिथून निघालेली असते. जे टेक्निक मला येत नाही असं वाटायचं ते येतच होतं, फक्त ते करायला दम शिल्लक नसायचा.

सध्या चौथ्या-पाचव्या राउंडला उंच पार्टनरबरोबर अडकतेय. त्यांच्या आवाक्याच्या आत शिरायला सारखं पुढे जावं लागतं आणि पोटऱ्या आधी जातात, श्वास नाही. म्हणून आता पोटऱ्यांची ताकद, दोरी जास्त, आणि सरळ आत न घुसता तिरकं पाऊल टाकून शिरायचं, ह्यावर सरांबरोबर काम चालू आहे. कोणी कमी उंचीचे असाल आणि ह्यातून गेला असाल तर तुम्ही काय केलंत ते मला नक्की सांगा.